रिग्रेशनचे उत्तर अपेक्षेबाहेर आले तर: सायकिट-लर्न शिकणाऱ्यांसाठी तपासणीचा क्रम

सायकिट-लर्न या पायथनमधील मशीन लर्निंगच्या लायब्ररीत रिग्रेशन, म्हणजे संख्येचा अंदाज बांधणारे मॉडेल, चालवायला चार-पाच ओळी पुरतात. पण त्या ओळींतून आलेला आकडा विचित्र दिसला की पुढे काय करायचे, हे शिकवण्यांमध्ये फारसे सांगितलेले नसते. आर-वर्ग (लक्ष्यातील चढउतार मॉडेलने किती पकडले याचे माप, १ म्हणजे तंतोतंत) उणे येतो, एखाद्या गुणांकाचे चिन्ह उलटे निघते, एकच डेटा दोन लायब्ऱ्यांना दिला तर दोन निराळी उत्तरे मिळतात, किंवा सगळे अंदाज एकाच किमतीभोवती घुटमळत राहतात. अशा वेळी बहुतेक नवशिके थेट मॉडेलच बदलतात. रेषीय रिग्रेशन काढून रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांच्या उत्तरांची सरासरी घेणारे मॉडेल) बसवतात आणि तेही जमले नाही तर बूस्टिंगकडे वळतात. दोष डेटा वाचण्यात किंवा गुण मोजण्यात असेल, तर हा सगळा खटाटोप ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ या जातीचा होतो. सायकिट-लर्नमधील मूलभूत रिग्रेशनचे गणित इतक्या लोकांनी इतक्या वेळा वापरलेले आहे, की तेथे चूक सापडण्याचा संभव फार थोडा आहे. आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ही लायब्ररी बहुधा बरोबरच देते. विचारलेला प्रश्न आणि मनातला प्रश्न यांत मात्र अंतर पडलेले असते. ते अंतर नेमके कोठे आहे, हे शोधण्यासाठी खालचा क्रम उपयोगी पडतो.

उदाहरण म्हणून सायकिट-लर्नबरोबरच येणारा मधुमेहाचा डेटा घेऊ. ब्रॅडली एफ्रॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००४ मधील शोधनिबंधामुळे तो प्रसिद्ध झाला. त्यात ४४२ रुग्णांच्या ओळी असून वय, लिंग, बॉडी मास इंडेक्स, सरासरी रक्तदाब आणि रक्तद्रवाच्या सहा चाचण्या असे दहा स्तंभ आहेत. एका वर्षानंतर आजार किती वाढला याचे माप हे लक्ष्य, म्हणजे ज्याचा अंदाज बांधायचा ती किंमत, आहे. ते २५ ते ३४६ या पट्ट्यात असून त्याची सरासरी सुमारे १५२ आणि प्रमाण विचलन ७७ आहे. डेटा लहान असल्यामुळे पुढे येणारा प्रत्येक आकडा वाचकाला स्वतःच्या संगणकावर ताडून पाहता येईल.

पायरी १ : अपेक्षा लिहून काढावी आणि आकडा स्थिर करावा

‘उत्तर अनपेक्षित आहे’ असे म्हणण्याआधी अपेक्षा कोणती होती, हे एका वाक्यात लिहावे. ‘आर-वर्ग निदान ०.७ यायला हवा होता’ असे वाटत असेल, तर तो आकडा कोठून आला? दुसऱ्याच डेटावरील एखाद्या लेखातून आला असेल, तर ती अपेक्षा तेथेच सोडून द्यावी. मधुमेहाच्या या डेटावर साधे रेषीय रिग्रेशन सर्व ४४२ ओळींवर बसवले, की आर-वर्ग ०.५१८ येतो आणि सरासरी वर्गत्रुटी (चुकांच्या वर्गांची सरासरी) सुमारे २८६० येते. तिचे वर्गमूळ घेतले, तर एका अंदाजामागे चूक साधारण ५३ एककांची आहे. पाच भागांचे क्रॉस-व्हॅलिडेशन केले, म्हणजे प्रत्येक भाग आळीपाळीने चाचणीसाठी ठेवून उरलेल्यांवर मॉडेल शिकवले, तर भागाभागांचे आर-वर्ग ०.४३ ते ०.५५ यांच्या दरम्यान फिरतात आणि सरासरी ०.४८ पडते. या दहा स्तंभांवर साध्या रेषीय मॉडेलची मजल इथपर्यंतच आहे, आणि ०.४३ आला म्हणून काही बिघडले असे होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पायाचा आकडा. ‘डमी-रिग्रेसर’ नावाचे मॉडेल प्रत्येक ओळीसाठी प्रशिक्षणातील लक्ष्याची सरासरी तेवढी सांगते. त्याची त्रुटी आधी मोजून ठेवावी, कारण आपले मॉडेल त्याच्या पुढे गेले आहे का, हा पुढच्या साऱ्या तपासणीतला पहिला प्रश्न आहे.

दर वेळी निराळा आकडा येत असेल, तर ‘रँडम-स्टेट’, म्हणजे यादृच्छिक निवडीचे बीज, ठरवून द्यावा. ‘ट्रेन-टेस्ट-स्प्लिट’ मुळातच ओळी पिसतो आणि न सांगता एक चतुर्थांश ओळी चाचणीसाठी बाजूला काढतो. ४४२ ओळींच्या डेटात त्या १११ होतात. एवढ्या थोड्या ओळींवर मोजलेला आर-वर्ग बीज बदलताच सहज दहा शतांशांनी हलतो. तेव्हा एका विभागणीवरून दोन मॉडेलांची तुलना करून एकाला बाद करणे घाईचे ठरते. लायब्ररीची आवृत्तीही याच वेळी टिपून ठेवावी.

पायरी २ : गुण मोजण्याची रीत तपासावी

सर्वांत जास्त गोंधळ येथेच होतो, म्हणून या पायरीवर थोडे थांबू.

आर-वर्ग उणे आला की ‘वर्ग उणे कसा असेल?’ हा प्रश्न हमखास पडतो. येथे कशाचाही वर्ग केलेला नसतो. उरलेल्या त्रुटींच्या वर्गांची बेरीज भागिले लक्ष्याच्या सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज, हा भागाकार एकातून वजा केला की आर-वर्ग मिळतो. मॉडेलचे अंदाज नुसत्या सरासरीपेक्षाही वाईट असतील, तर भागाकार एकाच्या वर जातो आणि उत्तर उणे येते. एक्सेलमधील ‘आर-एस-क्यू’ हे सूत्र सहसंबंधाचा खरोखर वर्ग करते, त्यामुळे तेथे उणे आकडा कधीच दिसत नाही. त्या सवयीने पाहणाऱ्याला सायकिट-लर्नचा आकडा चुकीचा वाटतो. अंदाज सारेच्या सारे शंभराने जास्त असले तरी सहसंबंधाला त्याचा पत्ता लागत नाही. आर-वर्गाला तो लागतो.

‘आर-टू-स्कोअर’ हे फंक्शन हाताने बोलावताना खरी मूल्ये आधी आणि अंदाज नंतर द्यायचे असतात. क्रम उलटला तर कोणतीही सूचना येत नाही, आकडा मात्र बदलतो, कारण छेदात आता अंदाजांचे विचरण (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) जाते. आपल्या उदाहरणात लक्ष्याचे विचरण सुमारे ५९३० आणि अंदाजांचे सुमारे ३०७० आहे. बरोबर क्रमाने उत्तर ०.५१८ येते, तर उलट्या क्रमाने एकातून २८६० भागिले ३०७० वजा होऊन ते ०.०७ वर घसरते. मॉडेल तेच, अंदाज तेच. वर्गत्रुटीला मात्र क्रमाचे सोयरसुतक नाही, त्यामुळे वर्गत्रुटी ठीक आणि आर-वर्ग फार कमी असे चित्र दिसले, तर सर्वांत आधी ही ओळ उघडून पाहावी.

क्रॉस-व्हॅलिडेशनमध्ये वर्गत्रुटी उणे चिन्हासह छापली जाते, यातही काही बिघाड नाही. सायकिट-लर्नमधील प्रत्येक गुणमापक ‘जास्त म्हणजे चांगले’ या एकाच नियमाने चालतो, म्हणून त्रुटीला उणे करून देतात आणि त्या मापकाच्या नावातच ‘नेग’ असते. चिन्ह काढून टाकावे आणि पुढे जावे.

दोन लायब्ऱ्यांची तुलना करताना स्थिरपदाकडे, म्हणजे सर्व स्तंभ शून्य असतानाच्या अंदाजाकडे, लक्ष हवे. सायकिट-लर्नचे ‘लिनिअर-रिग्रेशन’ स्थिरपद आपोआप घेते. स्टॅट्समॉडेल्स या दुसऱ्या लायब्ररीतील ‘ओ-एल-एस’ या रेषीय रिग्रेशनला डेटा थेट दिला तर ते घेत नाही, त्यासाठी ‘अ‍ॅड-कॉन्स्टंट’ वापरून एकांचा स्तंभ जोडावा लागतो किंवा सूत्र लिहिण्याची पद्धत वापरावी लागते. मधुमेहाच्या डेटावर हा फरक पाहण्यासारखा आहे. त्यातील दहाही स्तंभांची सरासरी शून्य असल्यामुळे स्थिरपद वगळले तरी दहा गुणांक जसेच्या तसे राहतात, आणि म्हणूनच नवशिक्याला वाटते की दोन्ही मॉडेले एकच आहेत. मग स्टॅट्समॉडेल्सच्या तक्त्यात आर-वर्ग ०.१०६ दिसतो, सायकिट-लर्नला स्थिरपद घेऊ नको असे सांगितले तर तोच गुण उणे ३.३९ च्या आसपास येतो. सरळ सांगायचे तर स्थिरपद नसताना स्टॅट्समॉडेल्स लक्ष्याची तुलना सरासरीशी न करता शून्याशी करते आणि आपण तसे केल्याचे आर-वर्गाच्या ओळीतच नोंदवते. सायकिट-लर्न मात्र नेहमी सरासरीशीच तुलना करते. दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येप्रमाणे अचूक आहेत. स्थिरपद दोन्हीकडे घेतले की दोन्हींचे उत्तर ०.५१८ जुळते.

पायरी ३ : ओळींची जुळणी आणि अ‍ॅरेचा आकार

सायकिट-लर्न पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीच्या तक्त्यातील ओळींचे क्रमांक पाहत नाही. एक्सची (स्तंभांच्या तक्त्याची) पहिली ओळ वायच्या (लक्ष्याच्या) पहिल्या मूल्याशी आणि दुसरी दुसऱ्याशी जोडून ते मोकळे होते. त्यामुळे स्तंभांचा तक्ता एका ठिकाणी पिसला किंवा गाळला आणि लक्ष्य तसेच ठेवले, तर दोहोंतील नाते पार तुटते आणि आर-वर्ग शून्याजवळ येतो. पांडाज याच्या नेमके उलट वागते: दोन मालिकांची वजाबाकी करताना ते ओळींचे क्रमांक जुळवते. अंदाजांची मालिका नव्या क्रमांकांनी तयार झाली आणि चाचणीतील लक्ष्यावर जुने क्रमांक असले, तर वजाबाकीत निम्म्याहून अधिक जागा रिकाम्या दिसतात आणि उरलेल्या ठिकाणी भलत्याच ओळी एकमेकींशी भिडलेल्या असतात. अंदाजांची मालिका बनवताना चाचणीच्या तक्त्याचेच क्रमांक द्यावेत, म्हणजे हा घोळ टळतो.

आकाराची चूक याहून फसवी असते. लक्ष्य ४४२ मूल्यांची साधी रांग म्हणून ठेवले, पण मॉडेल शिकवताना तेच एका स्तंभाच्या तक्त्याच्या रूपात दिले, तर अंदाजही ४४२ ओळी आणि एक स्तंभ अशा आकारात परत येतात. मग वर्गत्रुटी हाताने काढण्यासाठी रांगेतून तो स्तंभ वजा केला, की नम्पाय ही आकड्यांच्या रांगा हाताळणारी लायब्ररी प्रत्येक खऱ्या मूल्यातून प्रत्येक अंदाज वजा करून ४४२ गुणिले ४४२, म्हणजे १,९५,३६४ फरकांचा चौकोन तयार करते आणि त्यांच्या वर्गांची सरासरी निमूटपणे मिळते. ही सरासरी म्हणजे दोन्ही विचरणांची बेरीज, सुमारे ९०००. खरी त्रुटी २८६० असताना ९००० दिसली, तर मॉडेल डमीपेक्षाही वाईट आहे अशी कोणाचीही समजूत होईल. वजाबाकीच्या निकालाचा आकार एकदा छापून पाहिला, की हा दोष तत्क्षणी उघडा पडतो. फंक्शनला लक्ष्य देताना ‘रॅव्हेल’ने सरळ रांग करून देण्याची सवय चांगली.

डेटाचा मूळ क्रमही तपासावा. क्रॉस-व्हॅलिडेशनला ‘पाच भाग कर’ एवढेच सांगितले, तर रिग्रेशनसाठी सायकिट-लर्न ओळी न पिसता सलग पाच तुकडे पाडते. फाइल लक्ष्याच्या चढत्या क्रमाने लावलेली असेल, तर प्रत्येक तुकड्यात जवळपास सारख्याच किमतीची लक्ष्ये येतात, छेदातील विचरण आक्रसते आणि पाचही भागांत आर-वर्ग खोल उणे जातो. ‘के-फोल्ड’ला पिसण्याची सूचना देऊन तो पर्याय म्हणून दिला की हे थांबते.

मात्र पिसल्यावर आलेला चांगला आकडा हाच खरा, असे समजून चालू नये. कॅलिफोर्नियातील घरांच्या डेटात १९९० च्या जनगणनेतील २०,६४० भागांच्या ओळी साधारण भौगोलिक क्रमाने आहेत. रेषीय मॉडेलचा आर-वर्ग पिसून घेतला तर ०.६० च्या आसपास आणि सलग तुकड्यांवर घेतला तर सरासरी ०.५५ च्या आसपास येतो. ज्या परिसराची एकही ओळ मॉडेलने पाहिलेली नाही तेथील किंमत सांगायची असेल, तर माझ्या मते दुसराच आकडा प्रामाणिक आहे. काळाच्या क्रमाने आलेल्या नोंदी तर पिसूच नयेत. त्यांच्यासाठी ‘टाइम-सिरीज-स्प्लिट’ आहे, आणि एकाच रुग्णाच्या किंवा एकाच दुकानाच्या अनेक ओळी असतील तर ‘ग्रुप-के-फोल्ड’.

पायरी ४ : डेटा वाचताना काय झाले

प्रत्येक स्तंभाचा प्रकार, किमान, कमाल आणि रिकाम्या जागांची संख्या एकदा छापून डोळ्यांखालून घालावी. पांडाजच्या ‘डिस्क्राइब’ने हे क्षणात होते, आणि तरीही हीच पायरी सर्वांत जास्त वगळली जाते.

आपल्याकडच्या फाइलींत दोन गोष्टी विशेष त्रास देतात. पहिली तारखांची. ०३/०४/२०२३ ही तारीख आपण ३ एप्रिल अशी वाचतो, पण पांडाज न सांगता ४ मार्च अशी वाचते. पांडाजच्या २.० पूर्वीच्या आवृत्त्यांत तर एकाच स्तंभात १३/०४ ही तारीख दिवस आधी धरून आणि ०३/०४ ही महिना आधी धरून वाचली जाण्याचा प्रकार घडत असे. त्यातून काढलेला ‘महिना’ हा स्तंभ मग अर्धा खरा आणि अर्धा खोटा निघतो, आणि मोसमी चढउतार मॉडेलला का सापडत नाहीत याचा उलगडा होत नाही. वाचतानाच ‘डे-फर्स्ट’ सांगावे, किंवा त्याहून चांगले म्हणजे तारखेचा साचा स्पष्ट लिहून द्यावा. दुसरी गोष्ट १,२५,००० अशा स्वल्पविरामाने लिहिलेल्या रकमांची. असा स्तंभ मजकूर म्हणून वाचला जातो; त्याला बळजबरीने संख्या करताना न जमलेल्या किमती रिकाम्या करण्याची सवलत दिली, तर मोठ्या रकमांच्या सगळ्या ओळी गळून केवळ लहान रकमा शिल्लक राहतात. हजारांचा विभाजक स्वल्पविराम आहे, हे फाइल वाचतानाच सांगावे.

पिनकोड, शाखा क्रमांक, गट क्रमांक यांसारखे स्तंभ संख्येसारखे दिसतात, पण ते नावे असतात. ४११००१ हा पुण्याचा पिनकोड ४००००१ या मुंबईच्या पिनकोडापेक्षा ११,००० ने ‘जास्त’ आहे, अशा समजुतीने रेषीय मॉडेल गणित करते. असे स्तंभ ‘वन-हॉट’ पद्धतीने, म्हणजे प्रत्येक नावासाठी ० किंवा १ चा वेगळा स्तंभ करून, फोडावेत.

रिकाम्या जागांबाबत: ‘लिनिअर-रिग्रेशन’ रिकामी जागा दिसताच त्रुटी देऊन थांबते, म्हणून घाईत सगळीकडे शून्य भरले जाते. शून्य वजनाचा माणूस किंवा शून्य चौरस फुटांचे घर रेषेला आपल्याकडे ओढते आणि उतार आडवा होतो. उणे ९९९ सारख्या खुणेच्या किमती त्याहून घातक असतात. मध्यक भरावा आणि ‘येथे किंमत नव्हती’ असे सांगणारा वेगळा स्तंभ जोडावा.

लक्ष्यालाही छत असू शकते. कॅलिफोर्नियाच्या डेटात घरांच्या किमती लाख डॉलरच्या एककात असून त्या ५.००००१ वर कापलेल्या आहेत. अंदाज आणि खरी मूल्ये यांचा आलेख काढला की वरच्या टोकाला ठिपक्यांची एक सरळ रेघ दिसते. ती मॉडेलची चूक नव्हे. त्यापुढच्या किमती डेटातच नोंदवलेल्या नाहीत.

उत्तर अनपेक्षितपणे फार चांगले आले, तर जास्तच सावध व्हावे. ०.९९ आर-वर्ग पाहून खूश होण्याआधी, लक्ष्यातूनच काढलेला एखादा स्तंभ एक्समध्ये शिरला आहे का, त्याच ओळी प्रशिक्षण आणि चाचणी या दोन्हींत आल्या आहेत का, आणि स्तंभांची निवड सर्व डेटा पाहून आधीच केली आहे का, हे तपासावे. हजारो निरर्थक स्तंभांतून लक्ष्याशी जुळणारे थोडे निवडून मग क्रॉस-व्हॅलिडेशन केले, तर निव्वळ गोंगाटावरही बऱ्यापैकी गुण मिळतात. निवड, मोजपट्टी बदलणे आणि मॉडेल हे सारे एका ‘पाइपलाइन’मध्ये गुंफले, की प्रत्येक भागासाठी ते फक्त प्रशिक्षणाच्या ओळींवरून शिकले जाते.

पायरी ५ : मोजपट्टी आणि गृहीत धरलेला दंड

रिज आणि लासो या मॉडेलांत गुणांक मोठे होऊ नयेत म्हणून दंड असतो, आणि त्याची तीव्रता ‘अल्फा’ ठरवतो. दोन्हींत अल्फा न सांगता १ धरला जातो. हा १ निरुपद्रवी वाटतो, पण त्याचा अर्थ स्तंभांच्या मोजपट्टीवर अवलंबून आहे. मधुमेहाच्या डेटावर रिज चालवले की आर-वर्ग ०.५१८ वरून ०.४५ वर येतो आणि लासोने तर ०.३६ वर. लासो दहापैकी सात गुणांक शून्य करून टाकतो. बॉडी मास इंडेक्स, रक्तद्रवाची पाचवी चाचणी आणि नावापुरता रक्तदाब एवढेच उरतात.

याचे कारण असे. हा डेटा आधीच मोजपट्टीवर बसवलेला आहे, असे सर्वत्र सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण प्रत्येक स्तंभाच्या वर्गांची बेरीज १ व्हावी अशा रीतीने तो बसवलेला आहे. ‘स्टँडर्ड-स्केलर’ने होते तसे प्रमाण विचलन १ येथे नाही, ते १ भागिले ४४२ चे वर्गमूळ, म्हणजे ०.०४८ च्या आसपास आहे. रिज एका स्वतंत्र स्तंभाचा गुणांक ढोबळमानाने ‘वर्गांची बेरीज भागिले वर्गांची बेरीज अधिक अल्फा’ या पटीने आखडतो. येथे ती पट १ भागिले २ होते, म्हणजे गुणांक निम्मा. हाच डेटा ‘स्टँडर्ड-स्केलर’मधून काढला तर वर्गांची बेरीज ४४२ होते, पट ४४२ भागिले ४४३ होते आणि दंडाचा परिणाम जवळपास दिसेनासा होतो. अल्फा दोन्हीकडे १ च होता.

जुन्या शिकवण्या वाचून काम करणाऱ्यांना हाच फटका दुसऱ्या बाजूने बसतो. पूर्वी या मॉडेलांत ‘नॉर्मलाइज’ नावाचा पर्याय होता, १.० आवृत्तीत तो मोडीत काढण्याची सूचना आली आणि १.२ मध्ये तो काढून टाकला. तो पर्याय स्तंभाची लांबी १ करत असे. त्याच्या जागी नुसता ‘स्टँडर्ड-स्केलर’ बसवून अल्फा तसाच ठेवला, तर उत्तर जुळत नाही. जुने उत्तर हवे असेल तर रिजसाठी अल्फाला ओळींच्या संख्येने आणि लासोसाठी त्या संख्येच्या वर्गमुळाने गुणावे लागते. हा फरक दंडाच्या स्वरूपातून येतो: रिज गुणांकांच्या वर्गांवर दंड लावतो, लासो त्यांच्या निरपेक्ष किमतींवर. शिवाय लासोच्या सूत्रात त्रुटीला ओळींच्या दुपटीने भागलेले आहे, रिजच्या सूत्रात भागलेले नाही. म्हणून रिजचा अल्फा आणि लासोचा अल्फा यांची तुलना कधीच करू नये. अल्फा अंदाजाने ठरवण्यापेक्षा ‘रिज-सी-व्ही’ किंवा ‘लासो-सी-व्ही’कडून निवडून घ्यावा.

सपोर्ट व्हेक्टर रिग्रेशनमध्ये सारे अंदाज जवळजवळ एकाच किमतीवर आले, तर लक्ष्याची मोजपट्टी पाहावी. तेथे ‘सी’ न सांगता १ धरला जातो आणि कोणत्याही एका ओळीचा अंदाजावरील जोर त्या मर्यादेत राहतो; लक्ष्य शेकड्यांत असेल तर एवढ्या जोराने वक्र वर उचलला जात नाही. ‘सी’ वाढवावा, किंवा ‘ट्रान्सफॉर्म्ड-टार्गेट-रिग्रेसर’ वापरून लक्ष्यच लहान मोजपट्टीवर आणावे. ‘एस-जी-डी-रिग्रेसर’ या पावलापावलाने गुणांक सुधारणाऱ्या मॉडेलचे दुखणे उलटे आहे: कॅलिफोर्नियाच्या डेटातील लोकसंख्येसारखा हजारांत जाणारा स्तंभ तसाच दिला, तर प्रत्येक पाऊल गरजेपेक्षा लांब पडते आणि गुणांक अब्जांच्या घरात जातात. गुणांक असे फुगलेले दिसले, की स्तंभ मोजपट्टीवर न आणल्याची ती खूण समजावी.

पायरी ६ : गुणांकांची चिन्हे

मधुमेहाच्या डेटात रक्तद्रवाची पहिली चाचणी म्हणजे एकूण कोलेस्टेरॉल. एकट्या त्या स्तंभावर रिग्रेशन केले तर गुणांक अधिक ३४३ येतो. दहाही स्तंभ घेतले की तोच गुणांक उणे ७९२ होतो. यात गणिताची चूक नाही. एकूण कोलेस्टेरॉल आणि दुसरी चाचणी, म्हणजे एल-डी-एल, यांचा सहसंबंध ०.९ च्या जवळ आहे, आणि एकत्रित मॉडेलमधील गुणांक ‘बाकीचे नऊ स्तंभ आहेत तेथेच ठेवून हा एकच वाढवला तर काय होईल’ या प्रश्नाचे उत्तर देतो. एल-डी-एल स्थिर ठेवून एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले रुग्ण डेटात फार थोडे असल्यामुळे हे उत्तर मोजक्या ओळींच्या भरवशावर उभे असते. रिज चालवले की हाच गुणांक अधिक ६ च्या आसपास येऊन बसतो, यावरून त्याचा ठाव किती डळमळीत आहे हे कळते. अंदाज हवे असतील तर या चिन्हाची चिंता करू नये. पण कोलेस्टेरॉलचा आजारावर परिणाम काय, असा निष्कर्ष या गुणांकावरून काढू नये.

वर्गनामे ‘वन-हॉट’ने फोडताना सर्व स्तंभ ठेवले, तर त्यांची बेरीज नेहमी १ होते आणि ती स्थिरपदाशी एकरूप असते. अशा वेळी गुणांक कधी कधी अवाढव्य येतात आणि अंदाज तरीही ठीक राहतात; एक वर्ग वगळण्याचा पर्याय निवडला की ते ताळ्यावर येतात.

पायरी ७ : मॉडेलचा स्वभाव

येथपर्यंत सारे बरोबर निघाले, तरच मॉडेलकडे पाहावे. रँडम फॉरेस्टमधील प्रत्येक झाड प्रशिक्षणातील लक्ष्यांच्या सरासऱ्याच परत देते, त्यामुळे प्रशिक्षणात पाहिलेल्या कमाल किमतीच्या वर त्याचा अंदाज कधीच जात नाही. दरवर्षी वाढणाऱ्या विक्रीचा पुढच्या वर्षाचा अंदाज त्याला विचारला, तर तो आडवी रेघ देतो. रेषीय मॉडेल याच्या उलट बेधडक पुढे जाते आणि प्रसंगी घराची किंमत उणेही सांगते.

लक्ष्याचा लॉग घेऊन मॉडेल शिकवले असेल, तर अंदाज परत मूळ एककात आणले आहेत का ते पाहावे. आणले असले तरी ते सरासरीपेक्षा मध्यकाच्या जवळ असतात, म्हणून त्यांची बेरीज खऱ्या बेरजेपेक्षा कमी भरते. वर्षाचा एकूण खर्च काढणाऱ्याला ही तूट ठळक दिसते. आणि ‘लॉजिस्टिक-रिग्रेशन’ हे नावाने रिग्रेशन असले तरी ते वर्गीकरणाचे मॉडेल आहे. अखंड किमतींसाठी ते नाही.

शिकवलेले मॉडेल नव्या डेटावर अचानक बिघडले, तर स्तंभांचा क्रम ताडून पाहावा. पांडाजचा तक्ता दिला असेल तर १.० पासून सायकिट-लर्न स्तंभांची नावे लक्षात ठेवते आणि १.२ पासून क्रम बदललेला दिसला की त्रुटी देते. साधा नम्पाय अ‍ॅरे दिला तर ही राखण मिळत नाही. वयाच्या जागी रक्तदाब गेला तरी अंदाज बिनतक्रार येतात.

पायरी ८ : माहीत असलेल्या उत्तरावर चाचणी

एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर आपलाच कोड जसाच्या तसा ठेवून त्याला कृत्रिम डेटा द्यावा. ‘मेक-रिग्रेशन’ हे फंक्शन गोंगाट शून्य ठेवून डेटा बनवते आणि मागितले तर खरे गुणांकही देते. ओळी ५००, स्तंभ ५ असे स्वतः सांगावे. काही न सांगितल्यास ते १०० ओळी आणि १०० स्तंभ बनवते, आणि इतक्या स्तंभांत रेषीय मॉडेल प्रशिक्षणाच्या ओळींवर कोणत्याही लक्ष्याशी तंतोतंत जुळते, म्हणून त्या चाचणीतून काहीच सिद्ध होत नाही. ५०० ओळींवर आर-वर्ग १ आणि गुणांक दिल्याप्रमाणे आले, तर कोड ठीक आहे आणि दोष डेटात शोधायचा. तसे आले नाही, तर दोष कोडमध्ये आहे. मग एकेक पायरी काढून टाकत जावे: आधी मोजपट्टी, मग स्तंभांची निवड, मग लक्ष्याचे रूपांतर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतरचा आकडा लिहून ठेवावा.

क्वचित दोष खरोखरच लायब्ररीत असतो. तशी खात्री पटली तर तक्रार नोंदवताना वरचाच लहान कृत्रिम डेटा, त्यावर चालणारा दहा-पंधरा ओळींचा कोड, अपेक्षित आकडा, मिळालेला आकडा आणि सायकिट-लर्नच्या ‘शो-व्हर्जन्स’ या फंक्शनने छापलेला आवृत्त्यांचा तपशील द्यावा. आकड्यांचे चित्र न देता मजकूरच चिकटवावा, म्हणजे तपासणाऱ्याला तो थेट चालवून पाहता येतो.